पंचनाम्यात उरलेली घरं

सिहोरा परिसरात मातीचं घर गेलं की त्याची नोंद एकाच ठिकाणी होते, तलाठ्याच्या पंचनाम्यात. दोन-तीन दिवसांची झड लागते, रात्री कधीतरी मागची भिंत बसते, सकाळी शेजारीपाजारी जमतात. मग तलाठी येऊन लिहून नेतो : कच्चे घर, अंशतः पडझड. नाहीतर कच्चे घर, पूर्णतः पडझड. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर जागा असली तर दोन ओळी छापून येतात. ते घर कोणत्या खदानीच्या मातीचं होतं, भिंत किती रुंद होती, दर दिवाळीला तिला कोण पोतायचं, यासाठी त्या कागदावर रकाना नसतो. मला त्या नसलेल्या रकान्यात लिहायचं आहे. ही घरं आमच्या डोळ्यांदेखत गेली आणि त्यांच्यासाठी कुणी चार शब्द बोललं नाही.

बावनथडी आणि वैनगंगेच्या आसपासचा, भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याचा हा पट्टा धानाचा. पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा. चांदपूरचा जलाशय आणि तिथला हनुमान, गावोगावचे मालगुजारी तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, आणि नजर जाईल तिकडे धानाच्या बांध्या. अशा मुलखात घर दुसऱ्या कशाचं होणार? माती पायाखाली, तणस खळ्यात, बांबू आणि लाकूड जंगलात, शेण कोठ्यात. सिहोरा, बपेरा, चुल्हाड या बाजूला माझ्या लहानपणी विटा-सिमेंटचं घर मोजकंच असायचं. बाकी सगळं गाव मातीचं होतं. श्रीमंताचं घर मातीचं आणि मजुराचंही मातीचं. फरक असायचा तो भिंतीच्या रुंदीत, लाकडाच्या जातीत आणि अंगणाच्या मापात.

माती निवडण्यापासून काम सुरू व्हायचं. शेतातली काळी माती भिंतीला चालत नाही. ती पाणी प्यायली की फुगते, सुकली की भेगाळते. नुसती रेताड माती धरून राहत नाही. दोन्हींच्या मधली, मुठीत दाबली तर गोळा होणारी आणि वाळल्यावर न तडकणारी माती लागते. ती कुठे मिळते हे गावातल्या दोन-चार म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक असे. कुणी बोडीच्या काठची आणत, कुणी गावाबाहेरच्या खड्ड्यातली. बोडीतून माती काढली की बोडी खोल व्हायची, म्हणजे घर बांधणाऱ्याच्या हातून गावाच्या पाण्याचंही काम होऊन जायचं.

धानाची मळणी आटोपली की माती भिजत घालायची. तिच्यात बारीक तोडलेलं तणस आणि कोंडा मिसळायचा, काही दिवस तशीच मुरू द्यायची आणि मग पायांनी किंवा बैल फिरवून तुडवायची. त्यानंतर भिंतीचा पहिला थर. हातभर उंच, दीड हात रुंद. थर दिला की थांबायचं. खालचा ओला असताना वरचा ठेवला तर भिंत पोट काढते. म्हणून एक थर वाळेपर्यंत दुसऱ्या भिंतीचं काम, तेवढ्यात लाकूडकाम, तेवढ्यात कुणाचं तरी लग्न, असं करत उन्हाळा संपायच्या आत भिंती माथ्याला न्यायच्या. जाणता माणूस छपराचा भार भिंतीवर टाकत नसे, तो लाकडी खांबांवर घेई. त्यामुळे पावसात भिंत बसली तरी छप्पर उभं राहायचं आणि माणसं वाचायची. ही अक्कल कुठल्याही पुस्तकातून आलेली नव्हती.

वर बांबू, फाटे आणि देशी कवेलू. कवेलू हा प्रकार मी कुंभाराच्या दारात बसून तासन्‌तास पाहिला आहे. चाकावर तो आधी एका बाजूला निमुळतं होत गेलेलं नळकांडं ओढायचा, अगदी उभ्या पेल्यासारखं. ते जरा सुकलं की उभं चिरून दोन भाग करायचा. एका नळकांड्यातून दोन कवेलू. भट्टीतून निघाल्यावर त्यावर कुंभाराच्या बोटांच्या गोल रेघा तशाच राहायच्या आणि पावसाचं पाणी त्याच रेघांवरून ओघळायचं. प्रत्येक कवेलू दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळा. म्हणून छपरावर ते बसवणं हे वेगळं काम होतं. उताणा कुठला, पालथा कुठला हे हातात घेऊनच ठरायचं. पुढे साच्यातले इंग्रजी कवेलू आले तेव्हा काम सोपं झालं आणि कुंभाराचं एक उत्पन्न गेलं.

भिंत उभी करणं पुरुषांचं मानलं जायचं. पण घर टिकवायच्या बायका. भेगा बुजवणं, शेणमातीचं सारवण, चुलीची डागडुजी, दिवाळीच्या आधी पांढऱ्या छुईने सगळं घर पोतणं आणि खाली गेरूचा पट्टा ओढणं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दंडार होते, नाटकं होतात, लेकी-जावई आणि सोयरे येतात. त्यांच्यासमोर घर उजळ दिसलं पाहिजे, ही त्यामागची ओढ. माझी आजी उजव्या हाताने सारवायची. ओली भिंत सुकली की तिच्या हाताचे अर्धगोल एकाशेजारी एक दिसायचे, सगळे सारख्या मापाचे, तिचा हात जिथवर पोचतो तिथवर. ती थकत गेली तशी त्या अर्धगोलांची वरची कड खाली आली आणि वरच्या भागात काकूचे मोठे, भरभर काढलेले अर्धगोल दिसू लागले. घरात कोण म्हातारं होतंय आणि कोणाकडे घर जातंय हे आम्हा पोरांना भिंतीवरून कळायचं.

हे सगळं मनात असताना मी सेवाग्रामला गेलो. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर असलेल्या या आश्रमात देशभरातून, परदेशातून माणसं मातीची घरं बघायला येतात. मीही त्यासाठीच गेलो होतो. गांधीजींविषयी मला नवं काही कळेल अशी अपेक्षा नव्हती. आमच्याकडे पंचनाम्यात संपणारं घर कुठेतरी जपून ठेवलं आहे, ते पाहायचं होतं.

इतिहास थोडक्यात असा. 1930 साली दांडीयात्रेला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचं नाही असं ठरवलं. जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून ते वर्ध्याला आले, काही काळ मगनवाडीत राहिले आणि 30 एप्रिल 1936 रोजी शेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. जमनालालजींची तिथे जमीन होती. गावाला धड रस्ता नव्हता, पावसाळ्यात चिखल, आणि हिवताप असा की पहिल्याच वर्षी गांधीजींना त्याने गाठलं. विदर्भात दुसरं शेगाव असल्यामुळे पत्रांचा घोटाळा व्हायचा म्हणून 1940 साली या गावाचं नाव सेवाग्राम झालं. पहिलं घर ते आदी निवास. आज ज्याला आपण बापू कुटी म्हणतो ती आधी मीराबेनसाठी बांधली होती, नंतर वाढवून गांधीजींसाठी केली. 25 ऑगस्ट 1946 रोजी गांधीजी सेवाग्रामहून दिल्लीला निघाले. पुढे नोआखाली, फाळणी, आणि 30 जानेवारी 1948. ते इथे परत आले नाहीत.

आवारात शिरल्यावर मला कोणतंही नवल वाटलं नाही, आणि त्याच गोष्टीने मी थबकलो. खाली झुकलेली कवेलूची पडवी, मातीचा ओटा, सारवलेली जमीन, बांबू, आत शिरताना वाकायला लावणारं दार. हे आमचंच घर होतं. चपला बाहेर काढून पाय जमिनीवर टेकवला आणि उन्हाळ्याच्या भर दुपारी तळव्याला तो ओळखीचा गारवा लागला. बाहेर वर्ध्याचं ऊन, चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जाणारं. आत पंख्याशिवाय बसता येत होतं. जाड मातीची भिंत दिवसभराची उष्णता सावकाश आत सोडते, ती आतल्या बाजूला पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. आमच्या घरी दुपारी सगळे भिंतीला टेकून झोपायचे ते याच हिशोबाने.

आत चटई, तक्क्या, बुटकं मेज. भिंतीवर मीराबेननी ओल्या मातीत उठावाने काढलेली ताडाची झाडं आणि चरखा. मीराबेन म्हणजे मॅडलिन स्लेड, इंग्रज आरमारातल्या अॅडमिरलची मुलगी. तिच्या बोटांनी ही माती थापली आहे. मी त्या ताडाच्या झाडांजवळ बराच वेळ उभा होतो. आमच्या बाजूच्या घरांत मोर असायचे, हत्ती असायचे, गोखल्याच्या भोवती वेलबुट्टी असायची. ती काढणाऱ्या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत आणि त्या भिंतीही आता नाहीत. मीराबेनचं काम सुंदर आहे. तेवढंच सुंदर काम आमच्या गावांत दर दुसऱ्या घरी होतं, हे मी जबाबदारीने लिहितो.

दफ्तराच्या खोलीत व्हाइसरॉय लिनलिथगोंनी बसवून घेतलेला टेलिफोन आहे आणि साप पकडून ठेवायचा पिंजराही आहे. साप पकडायचे आणि दूर नेऊन सोडायचे. ज्या माणसाशी व्हाइसरॉयला केव्हाही बोलावं लागे, त्याच्या घरात सापही निघायचे. मातीच्या घराची ही बाजू सेवाग्रामने लपवलेली नाही, हे मला फार आवडलं. 14 जुलै 1942 रोजी वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला, तेव्हा गांधीजींचा मुक्काम या कवेलूंखालीच होता.

इव्हान इलिच 1978 च्या जानेवारीत इथे आले होते. संस्थांचा आणि यंत्रांचा पसारा माणसाला कसा परावलंबी करतो, यावर आयुष्यभर लिहिलेला हा विचारवंत या कुटीत बसून राहिला आणि मग सेवाग्राममध्ये तिच्याविषयी बोलला. या एवढ्याशा कुटीत त्यांनी सात वेगवेगळ्या जागा मोजल्या : चपला काढायची, बसायची, पाहुण्याची, आजाऱ्याची, उघड्या पडवीची, अशा. आमच्या घरातही हिशोब तोच होता. सपरी आल्यागेल्याची, मधलं घर घरच्यांचं, माळा धानाचा आणि मोहाचा, कोपरा बाळंतिणीचा, मागे कोठा आणि सांदवाडी. घरकुलाच्या दोन खोल्यांत राहायला गेल्यावर आजारी माणसाला कुठे ठेवायचं आणि धानाची ढोली कुठे ठेवायची हे प्रश्न पहिल्यांदाच पडले.

सेवाग्रामची घरं नव्वदीला आली. ती टिकली कशी, हे तिथे थोडा वेळ थांबलं की दिसतं. जमीन सारवली जाते, भिंतीला मातीचा हात फिरतो, पावसाळ्याआधी कवेलू बघितले जातात. म्हणजे घर 1936-37 चं असलं तरी अंगावरची माती अलीकडची असते. आफ्रिकेतल्या माली देशात जेने नावाच्या गावात मातीची प्रचंड मशीद आहे. आजची इमारत 1907 ची. दरवर्षी ठरलेल्या दिवशी सगळं गाव टोपल्या घेऊन येतं आणि तिला चिखलाने लिंपतं. युनेस्कोने 1988 साली त्या गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. मातीची वास्तू दगडासारखी बांधून विसरता येत नाही. तिच्यामागे दरवर्षी हात लागतात. सेवाग्रामला ते हात संस्थेने पुरवले, जेनेला गावाने. सिहोऱ्याला ते हात हळूहळू दुसरीकडे गेले.

ते का गेले, हेही सरळ सांगायला हवं. नाहीतर ही श्रद्धांजली खोटी ठरेल. शेण-माती कालवून दर आठ-पंधरा दिवसांनी जमीन सारवायची, दर वर्षी भिंती पोतायच्या, हे काम बाईचं होतं आणि ते रोवणीच्या, कापणीच्या मजुरीशिवाय वरचं होतं. माझ्या काकूचे हात हिवाळ्यात फुटून रक्त यायचं. ज्या सुनेला फरशी पुसण्याचा पर्याय मिळाला तिने सारवण सोडलं, तर तिला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. ज्येष्ठात कवेलू फेरायला माणूस मिळेनासा झाला. जंगल विरळ झालं तशी वानरं गावात आली. त्यांच्या एका उडीत दहा कवेलू फुटायचे आणि पहिल्याच पावसात भिंतीत पाणी उतरायचं. उधई होती, विंचू होते. घरात गुरं कमी झाली तसं शेणही विकत घ्यायची वेळ आली. लाकूड तर कधीच हाताबाहेर गेलं होतं.

त्यात मधल्या काळात लोकांनी एक उपाय केला, मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा. दिसायला पक्कं. पण माती ओल घेते आणि सोडते. सिमेंट तिला सोडू देत नाही. आतली भिंत ओलीच राहते, मऊ पडते आणि एक दिवस गिलावा पापुद्र्यासारखा सुटून येतो. कित्येक चांगल्या भिंती या उपायाने गेल्या.

आणि सरकारी कागद. 1985-86 पासून इंदिरा आवास आणि 20 नोव्हेंबर 2016 रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण. सपाटीच्या भागात 1 लाख 20 हजार रुपये, किमान 25 चौरस मीटरचं घर. ज्याचं घर खरोखर गळत होतं, मोडकळीला आलं होतं त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट होती आणि आहे. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा भंडारा जिल्ह्यात काठावरच्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळताना आम्ही पाहिल्या. त्या रात्री पक्क्या छतावर चढलेली माणसं सुरक्षित होती. हे नाकारून चालणार नाही. माझी तक्रार एवढीच की पात्रतेच्या तक्त्यात मातीची भिंत म्हणजे कच्ची भिंत, एवढंच लिहिलेलं असतं. पन्नास उन्हाळे-पावसाळे काढलेली दीड हाताची भिंत आणि ताट्यांना चिखल फासलेली झोपडी, दोन्ही एकाच रकान्यात. घर चांगलं असलं तरी ते पाडल्याशिवाय जागा मोकळी होत नाही, आणि जागा मोकळी झाल्याशिवाय हप्ता मिळत नाही. मग चांगलंही पाडलं गेलं.

दुसरा रस्ता नव्हता असं नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला देवेंद्रकुमारांनी 1970 च्या दशकात उभ्या केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या भिंती आणि कुंभाराच्या हातच्या कवेलूंची कमानदार छपरं यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. केरळात लॉरी बेकर यांनी, घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळावं हा गांधीजींकडून ऐकलेला विचार मनावर घेऊन शेकडो इमारती बांधल्या. पाया दगडाचा, छपराची वळचण बाहेर काढलेली, मातीत थोडा चुना, एवढ्याने आमच्या भिंतींचं निम्मं दुखणं गेलं असतं. सेवाग्रामहून सिहोरा दीड-दोनशे किलोमीटर. एवढं अंतर ही विद्या चालून आली नाही, याचं दुःख मला पडलेल्या घरांइतकंच आहे.

आमचं घरही पाडलं. पंचनाम्याची वेळ आली नव्हती. भाऊबंदांत वाटणी झाली आणि प्रत्येकाला आपापलं घर हवं होतं. सब्बल घेतलेली दोन माणसं सकाळपासून मधल्या भिंतीशी झुंजत होती आणि दुपारपर्यंत फक्त खिंडार पडलं. शेवटी जेसीबी बोलवावा लागला. तुटलेल्या कडेवर मी बोट फिरवलं तर वरच्या बाजूला छुईचे थर होते, कागदाच्या गठ्ठ्यासारखे एकावर एक, पांढरा, मग शेणाची हिरवट रेघ, मग पुन्हा पांढरा. प्रत्येक पांढरा थर एकेका दिवाळीचा. आत भिंतीच्या पोटात धानाचं तणस अजून पिवळंजर्द होतं. आजोबांच्या काळात झोडलेला धान तो. कोणत्या बांधीतला, सांगायला कुणी उरलं नव्हतं.

माझ्या आजोबांनी ती भिंत उभी केली, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, पण ते पुरतं खरं नाही. माती वाहणारे बैल शेजाऱ्याचे होते. तुडवायला आळीतली पोरं होती. खांब तासणारा सुतार, कवेलू देणारा कुंभार, बांबूच्या कमच्या काढणारा माणूस, यांना मजुरी धानाच्या मापाने मिळाली आणि जेवण आमच्या सपरीत. त्यातला एकही आज नाही. त्यांच्या नातवांपैकी कुणी नागपूरला स्लॅबच्या कामावर आहे, कुणी तुमसरला दुकानात. हे घर उभं करायला जितक्या जणांचं जाणतेपण लागलं, तितके जाणते आज आसपासच्या पाच गावांत मिळून सापडतील का, मला शंका आहे. सेवाग्रामच्या कुट्यांपुढे उभं राहून मी हात जोडले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ही माणसं होती.

पाडलेल्या घराचं काय झालं ते लिहून थांबतो. सागाचे खांब आणि मयाली पुतण्याने नव्या घराच्या दारं-खिडक्यांना वापरल्या. धड राहिलेले कवेलू शेजाऱ्याने कोठ्यावर घातले, ते अजून तिथे आहेत. बांबू जळणाला गेला. भिंतींची माती ट्रॅक्टरने बांधीत नेऊन पसरली. जुन्या घराची माती खताला चांगली, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या खरिपात त्या बांधीला दुसरं खत टाकावं लागलं नाही. गावाबाहेर नेऊन टाकावं असं फक्त स्वैपाकघराच्या भिंतीला नंतर मारलेलं सिमेंट निघालं. तो ढीग सडकेच्या कडेला अजून आहे.